भांडं वाजलं पाहिजे

कधी जन्मालाच न आलेल्या माणसाच्या नावानं अंघोळ करणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमचे दिगंबरपंत सायखेडकर.

एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर पंत ओल्या पंच्यानं ओट्यावर उभे. अंगावरून पाणी निथळत होतं. पहाटेच गंगेवर, म्हणजे आम्ही नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतो तिथं, स्नान करून आलेला हा माणूस दहा वाजता पुन्हा ओला कसा, हे मला कळेना.

"काय पंत, दुसऱ्यांदा?" मी विचारलं.

"रावजी गेले," पंत म्हणाले.

मी चपला काढता काढता थांबलो. पंतांच्या नात्यात रावजी नावाचं कोणी नाही हे मला ठाऊक होतं, पण अशा वेळी चौकशा करायच्या नसतात. जमेल तितका चेहरा पाडून मी म्हटलं, "अरेरे. कधी?"

"आत्ताच. पाचव्या गोष्टीच्या शेवटी. दुसरा इलाजच राहिला नव्हता." पंतांनी पंच्याचा काठ पिळला. "सुतक मला नाही, गोत्र वेगळं. नुसतं स्नान."

रावजी हे पंतांच्या विनोदी गोष्टींतलं एक पात्र. येवल्याचे, अंगानं आडवे, जेवणाच्या पैजा लावण्यात हयात गेलेली. पंतांनीच त्यांना जन्माला घातलं होतं आणि त्या सकाळी बासुंदीच्या अकराव्या वाटीवर पंतांनीच त्यांना मारलं होतं. पण मारलं म्हणून काय झालं, माणूस गेला की स्नान आलंच, असं पंतांचं म्हणणं. मी त्या गोष्टींची चित्रं काढत होतो, म्हणून दुःखात सहभागी होणं मला भाग होतं. मी ओट्यावर पाच मिनिटं गप्प बसून राहिलो.

एकोणीसशे तिसाच्या पुढेमागची ही हकिकत. मी तेव्हा नाशकातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. मुंबईला जाऊन चित्रकलेच्या परीक्षा देऊन आलो होतो आणि ते चारचौघांना माझ्या बोलण्यातून पाच मिनिटांत कळेल अशी व्यवस्था ठेवत होतो. पंत होते तीर्थोपाध्याय. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं चालवायची आणि त्यांच्या घराण्याची नावं वह्यांत लिहून ठेवायची, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. वऱ्हाडातला कोणी शेतकरी टांग्यातून उतरायचा, गाव आणि आडनाव सांगायचा. पंत लांबोडी वही उलगडून त्याच्या पणज्याचं नाव वाचायचे, आणि तो माणूस तिथंच पायरीवर बसून रडायला लागायचा. त्या वह्यांना पंत फार जपत. पाणी प्यायला उठायचं झालं तरी वही मिटून, फडक्यात बांधून मग उठत. उघडी वही सोडून ते उठल्याचं मी पाहिलं नव्हतं.

चेहरा तर असा की पाहणाऱ्यानं आपोआप टोपी काढावी. लांब नाक, खाली वळलेल्या मिशा आणि कायम कोणाच्या तरी दहाव्याला निघाल्यासारखे डोळे. "लोक आमच्याकडे आईबापांना पाणी द्यायला येतात, मास्तर," ते मला सांगत. "त्यांच्यासमोर उपाध्यायाचे दात दिसून चालत नाही. उपाध्याय हसरा आहे असं एकदा गावात झालं की यजमान शेजारच्या उपाध्यायाच्या छत्रीखाली गेलाच म्हणून समजा."

म्हणूनच मासिकांत त्यांच्या पानदीडपानी विनोदी गोष्टी छापून येत त्या 'एक गंभीर गृहस्थ' या नावानं. हा गृहस्थ कोण हे सबंध नाशकात तिघांनाच माहीत होतं. एक मी, दुसरे शिळाप्रेसवाले करीमभाई आणि तिसरं माणूस पंतांच्या स्वयंपाकघरात असे.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती शाळेत. मधल्या सुट्टीत ते ड्रॉइंगच्या वर्गात आले, भिंतीवरचा फुलदाणीचा तक्ता न्याहाळला आणि म्हणाले, "तुम्ही माणसं काढता का?"

"काढतो की. मुंबईला आम्ही..."

"हसू येईल अशी?"

"कोणाला?"

"बघणाऱ्याला. बघणारं माणूस एकच आहे, बाकीच्यांचं मी बघून घेईन. दहा गोष्टींचं पुस्तक काढायचंय, प्रत्येक गोष्टीला चित्र. भांडं वाजलं पाहिजे." एवढं बोलून त्यांनी हात पुढे केला, जणू मी पळीनं त्यांच्या हातावर पाणीच सोडणार होतो. "म्हणा, मम."

संकल्पाच्या वेळी भटजी यजमानाला 'मम' म्हणायला लावतात, तशी पंत प्रत्येक ठरावाला समोरच्याकडून मम म्हणवून घेत. मी कशाला म्हणतो आहे हे न समजताच मम म्हणून बसलो.

भांडं वाजणं म्हणजे काय, हे मला आठवड्यानं त्यांच्या घरी समजलं. पंतांचं दोन खोल्यांचं घर तांबट आळीच्या तोंडाशी. तिथं सकाळपासून तांब्यापितळेवर हातोडे पडत. त्या घरात एकमेकांशी बोलायचं म्हणजे शेतात हाका मारल्यासारखं बोलावं लागे. दुपारी बाराला तांबट जेवायला उठले की तासभर आळी गप्प होई, आणि तोच पंतांचा गोष्ट वाचण्याचा तास. ओट्याला लागून असलेल्या खोलीत भिंतीला पाठ लावून ते खड्या आवाजात वाचत. ऐकायला समोर कोणी नसे. गोष्ट ऐकली जाई ती दाराआड, चुलीपाशी.

"आत अक्का आहे," पंतांनी मला सांगितलं. "माझी थोरली बहीण. अकराव्या वर्षी परत आली."

परत आली म्हणजे कशी, हे त्या काळी कोणाला विचारावं लागत नसे. मी मान हलवली.

"मी सात वर्षांचा होतो. तोवर ती हसत असेल, पण मला आठवत नाही. पुढे वडिलांचा नियम, हिचं हसणं रस्त्यावर ऐकू जाता कामा नये. मी दहा वर्षांचा असताना तिला आमच्या एका काकांची नक्कल करून दाखवली. वडील ओट्यावर बसलेले. तिला हसू आवरेना, म्हणून तिनं हातातला तांब्या फरशीवर टाकला. वडील तांब्यावरून ओरडले. तांब्या पाडायला मनाई नव्हती, रागवलं की संपलं." पंतांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "तेव्हापासून मी गोष्टी सांगतो आणि ती तांब्या पाडते. वडील जाऊन वीस वर्षं झाली. सवय राहिली."

तो तांब्या मी पाहिला. इतके पोचे पडलेलं भांडं तांबट आळीत दुसरं नसेल. समोरचा नारायण तांबट दर दिवाळीला येऊन विचारी, "पंत, द्या इकडं, दोन मिन्टांत सरळ करतो. लय वंगाळ दिसतंय." पंत त्याला हात लावू देत नसत. म्हणत, "बाबा रे, ती माझी प्रशस्तिपत्रं आहेत."

गोष्टींच्या वहीत प्रत्येक गोष्टीच्या शेवटी त्यांनी निकाल लिहून ठेवला होता. 'वाजलं.' 'दोनदा वाजलं.' एका गोष्टीखाली तर लिहिलं होतं, 'गडगडत ओट्यापर्यंत आलं.' मासिकाच्या संपादकांनी तीच गोष्ट साभार परत केली होती. पंतांनी त्यावर संपादकांची कीव करणारं पत्र लिहिलं होतं.

मग मला पुढची पानं दिसली. 'वाजलं नाही.' 'वाजलं नाही.' एकाखाली एक अकरा वेळा.

"गेल्या दिवाळीपासून," पंत म्हणाले. "मला वाटलं, माझी लेखणी संपली. सासवा लिहून पाहिल्या, कुत्री लिहून पाहिली, मामलेदारसुद्धा लिहिला. काही नाही. आणि मग एक दिवस मांजरानं फळीवरची उतरंड पाडली. पंचवीस भांडी. मी ओट्यावरून धावत गेलो. अक्का पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वळवली नाही."

मी ती पानं पुन्हा मागे उलटली.

"खरं सांगू का मास्तर? आधी मला बरं वाटलं. म्हटलं, गोष्टी वाईट नव्हत्या. मग माझी मलाच लाज वाटली, ती अजून जात नाही."

अक्कांना लिहिता वाचता येत नव्हतं. लहानपणी पंतांनी पाटी घेऊन शिकवायला सुरुवात केली होती, ती पाटी वडिलांनी उचलून ठेवली. आता कान गेले होते. चाळीस वर्षांची श्रोती समोर असून नाहीशी झाली होती, आणि पंतांना तिच्यापर्यंत पोचायला एकच वाट उरली होती, ती म्हणजे डोळ्यांची. ती वाट मी बांधून द्यायची होती. त्या दुपारी मी दुसऱ्यांदा मम म्हटलं, ते मात्र समजून उमजून.

पण पंतांबरोबर काम करणं म्हणजे परीक्षाच होती. कल्पनेतल्या माणसांसाठी त्यांनी एक वेगळी वही घातली होती, अगदी यजमानांसारखी. मी विचारावं, "हे बाळंभट दिसायला कसे?" की पंत वही उलगडत. "मूळ गाव सिन्नर. आजे विठ्ठलभट, नाक बसकं. वडील गणेशभट, नाक बसकं. मातुल घराणं नांदगावचं, तिकडं कान मोठे." मी नाक काढावं आणि पंतांनी वही पुढे करावी. "हे नाक घराण्यात कुठून आलं? तीन पिढ्यांत कोणाचं आहे दाखवा." एकदा मी एका सावकाराला घारे डोळे दिले, तर पंत दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या मते मी सावकाराच्या आईवर संशय घेतला होता.

अशी भांडत भांडत सहा चित्रं झाली. पंत ती आत नेऊन दाखवत आणि ओट्यावर येऊन माझ्याशेजारी बसत. आम्ही दोघं दाराकडे कान लावून थांबत असू. आतून चुलीतल्या लाकडांचा आवाज येई, बस्स. सहावं चित्र पाहिल्यावर अक्का स्वतः दारापर्यंत आल्या. विधवेच्या तांबड्या अलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, बाकी चेहरा थेट पंतांचा, मिशा तेवढ्या वजा. चित्र माझ्या हातात देऊन बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "छान काढलंय हो, मास्तर. पण तुमची माणसं फार शहाणी दिसतात."

हे मला लागलं. मुंबईला परीक्षकांनी ज्याबद्दल शाबासकी दिली होती, तेच या बाईंनी दोन शब्दांत काढून ठेवलं. पंतांनी वहीत चित्रांपुढे सहाव्यांदा 'वाजलं नाही' लिहिलं आणि म्हणाले, "असो. पुढे चला." त्यांचा आवाज मात्र पुढे चालणाऱ्याचा नव्हता. सातवं चित्र वाजलं नाही तर पुस्तक राहू द्यायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले, तेव्हा वाटेत तसं बोलूनही दाखवलं.

सातवी गोष्ट बाळंभटांच्या घरच्या मुंजीची. मी ठरवलं, आता मोठं चित्र काढायचं. सबंध पंगत, चाळीस पानं, आणि ते थेट दगडावर.

इथं थोडं सांगावं लागेल. करीमभाईंची शिळाप्रेस भद्रकालीकडे होती. तंबाखूच्या पुड्यांवरची लेबलं आणि लग्नपत्रिका तिथं छापल्या जात. दगडावर तेलकट शाईनं जे काढावं ते कागदावर उलटं उमटतं, आरशात दिसतं तसं. म्हणून करीमभाई आधी एका खास कागदावर सुलटं काढून घेत आणि तो कागद दगडावर दाबत, म्हणजे छापताना सगळं जागेवर येई. माझी आधीची चित्रं त्यांनी तशीच घेतली होती. पण त्यात रेघ थोडी मरते. मी म्हटलं, छे, मुंबईला मोठे चित्रकार थेट दगडावर काढतात.

"काढा ना मास्तर," करीमभाई म्हणाले. "आपला दगड हाजिर आहे. पण एक ध्यानात ठेवा, दगडावर सगळं उल्टं."

"मला शिकवता?" मी म्हटलं.

तीन दिवस मी त्या दगडावर ओणवा होतो. चित्राखालची ओळ, 'बाळंभटांकडची मुंज', मी घरून आरसा नेऊन अक्षरन् अक्षर उलटं काढलं. इतकं सुरेख उलटं की करीमभाईंनी मान डोलावली. पंगत तर मी जीव ओतून काढली. सगळे वैदिक, शास्त्री, प्रतिष्ठित मंडळी, उघड्या अंगावर जानवी, पुढ्यात केळीची पानं, हातात श्रीखंडाचा घास. पंगतीच्या अग्रभागी एक अतिशय करारी उपाध्याय हवा होता. त्यासाठी मला चेहरा शोधावा लागला नाही. लांब नाक, खाली वळलेल्या मिशा, दहाव्याला निघाल्यासारखे डोळे. पंतांना सांगितलं नाही, म्हटलं छापून आल्यावर पाहतील.

आणि एवढ्या सगळ्या शहाणपणात एक गोष्ट राहून गेली. अक्षरं मी उलटी काढली. माणसं मात्र सवयीनं सुलटीच काढली.

छपाईच्या दिवशी पंत गंगेवरचं काम आटोपून परस्पर प्रेसवर आले. अडीचशे कागद दोरीवर आणि टेबलावर वाळत पडले होते. पंतांनी एक उचलला. ते चित्र पाहत तेही विधीच्या क्रमानं, आधी पान, मग हात, मग माणूस.

"चटणी उजवीकडे कोणी वाढली?" त्यांनी विचारलं.

मी जवळ गेलो. चाळीसच्या चाळीस माणसं डाव्या हातानं श्रीखंड खात होती.

पंतांनी कागद टेबलावर पसरला. त्यांचं बोट कागदावर हळूहळू सरकत होतं. "जानवं उजव्या खांद्यावर," ते शेवटी म्हणाले. "चाळीस ब्राह्मण अपसव्य करून बसलेत. मास्तर, अपसव्य श्राद्धाला करतात. पितरांना पाणी देताना करतात. हे मुंजीला करून बसलेत आणि वर डाव्या हातानं जेवतायत." बोट पंगतीच्या अग्रभागी येऊन थांबलं. "आणि हा मी आहे."

"करीमभाई," मी म्हटलं, कारण दोष द्यायला दुसरं कोणी नव्हतं, "अहो, निदान डावा हात तरी तुम्हाला दिसला असेल ना?"

"दिसला ना," करीमभाई म्हणाले. "पण मास्तर, किताब विनोदी. आपण समजलो हीच गंमत आहे. मी तर सुबह से हसतोय."

पंतांनी एक एक करून सगळे कागद गोळा केले, दोरीवरचे ओलेसुद्धा. यातला एक जरी कागद एखाद्या यजमानाच्या हाती पडला, तर नाशकात पुन्हा तोंड दाखवायला नको, असं काहीतरी ते पुटपुटत होते. भारा बगलेत मारून ते निघाले. मी मागोमाग. ते भराभर चालत मेन रोडला लागले. मग म्हणाले, "सातवंही गेलं." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. हे सोसवेना.

घरी पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तांबट जेवायला उठले होते, आळी शांत होती. पंतांनी भारा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, चुलीकडे बोट करून 'जाळ' अशी खूण केली आणि ओट्यावर येऊन बसले. गोष्टींची वही काढली, उलगडली, टाक दौतीत बुडवला आणि मांडीवर वही घेऊन नुसते बसून राहिले. समोर सावलीत नारायण आणि दोघं तांबट भाकरी खात होते. मी माफी मागण्यासाठी शब्द जुळवत होतो.

आतून एक आवाज आला. मला वाटलं, धुरानं ठसका लागला. मग तो पुन्हा आला. कित्येक वर्षं पडून असलेला रहाट फिरवावा तसा तो आवाज आधी करकरला, अडला आणि मग एकदम मोकळा झाला.

अक्का हसत होत्या. पोट धरून, दम लागेपर्यंत, थांबून पुन्हा पहिल्यापासून. आपण किती मोठ्यानं हसतो आहोत हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. मधूनच त्या ओरडत, "अगं बाई, दिगू. दिगू डाव्या हातानं जेवतोय. मुंजीत अपसव्य केलंय मेल्यांनी. सगळ्यांनी केलंय." आणि पुन्हा हसणं. अशाच गंभीर, करारी मंडळींनी घालून दिलेलं सोवळं-ओवळं ज्यांनी अकराव्या वर्षापासून पाळलं, त्यांच्यापुढे आज ती सगळी मंडळी तितक्याच गंभीर चेहऱ्यानं चुकत बसली होती. माझी माणसं शहाणी दिसत होती म्हणूनच तर ते साधलं होतं.

पंत दाराकडे पाहत होते. सवयीनं त्यांचे कान तांब्याकडे लागले होते. तांब्या वाजला नाही. अक्का तो पाडायचा विसरल्या होत्या.

पंतांच्या हातातला टाक तसाच राहिला. काय लिहावं हे त्यांना उमजत नव्हतं. 'वाजलं' लिहावं तर वाजलं नव्हतं.

"आईसारखं आहे हो," ते हळूच म्हणाले. "हसणं. आमची आई असंच हसायची. मला वाटायचं, आमच्या घरात ते पुढं कोणाकडे आलंच नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायला मी म्हटलं, "पंत, चूक माझी. आठ दिवसांत दुसरं काढून देतो, सगळे उजव्या हातानं जेवतील."

"दगड पुसायचा नाही, करीमभाईंना सांगा," पंत म्हणाले. "पुस्तकात हेच जाईल. माझ्या तोंडासकट. म्हणा, मम."

"मम," मी म्हटलं.

तेवढ्यात नारायण भाकरी तशीच ठेवून ओट्याशी आला. आयुष्यभर या घरातून त्यानं वाचनाचा आवाज ऐकला होता, तांब्याचा ऐकला होता. हा त्याला नवीन होता.

"पंत," त्यानं विचारलं, "घरात कोण हसतंय वो? पाव्हणं आलंय का कोणी?"

रस्त्यानं दोन माणसं चालली होती, तीही थबकली. त्यांतला एक पंतांचा यजमान होता, मी त्याला गंगेवर पाहिलं होतं. आत अक्कांना पुन्हा हसू फुटलं.

"मी," पंत म्हणाले. "मीच हसतोय."

नारायणनं पंतांच्या खाली वळलेल्या मिशांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आतल्या दाराकडे. "हां," तो म्हणाला, "मला वाटलंच." धोतराला हात पुसत तो दुकानात गेला, आणि जेवणाची सुट्टी निम्मीही झाली नसताना त्यानं हंड्यावर हातोडा घातला. उरलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, घास गिळला आणि तेही उठले. बघता बघता सगळी आळी ठोकायला लागली. आता आतलं हसणं रस्त्यावरच्या कोणाला ऐकू गेलं नसतं. ती दोन माणसं आपल्या वाटेनं निघून गेली.

मी गहिवरून नारायणच्या दुकानाकडे पाहत होतो. पंत मात्र चिडले होते.

"ह्यांना आत्ताच बरं काम सुचलं," माझ्या कानाशी तोंड आणून ते ओरडले. "चाळीस वर्षं थांबलोय मी. मला तरी ऐकू द्या की." आणि वही ओट्यावर तशीच उघडी टाकून ते उठले, आत गेले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, जिथून नीट ऐकू येईल अशा बेतानं, चुलीकडे तोंड करून बसले.